गाठ एक, मापं चार

प्रश्न : आमच्या मोठ्या जाऊबाईंचं (वय ५२) स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन मागच्या महिन्यात नागपूरला झालं. घरात फाईल सांभाळणारी मीच, म्हणून सगळे कागद माझ्याकडे आहेत. मॅमोग्राफीत गाठ २८ मिमी लिहिली आहे, सोनोग्राफीत २३ मिमी. सुईने तुकडा काढला त्या रिपोर्टात ९ मिमी, आणि ऑपरेशननंतरच्या अंतिम रिपोर्टात १८ मिमी. त्याच रिपोर्टात पुढे 'डीसीआयएससह एकूण विस्तार २७ मिमी' असंही आहे आणि शेवटी 'पीटी१सी'. एकाच गाठीची एवढी मापं कशी? कोणाचं चुकलं का? गाठ थोडी आत राहिली असेल, ही भीती जाऊबाईंच्या मनातून जात नाही. पाच-दहा मिलिमीटरने असा काय फरक पडतो? आणि पुढचे उपचार कोणत्या आकड्यावर ठरणार?
— एक वाचक, पारशिवनी (जि. नागपूर)

उत्तर : आधी जाऊबाईंच्या भीतीचं बघू. गाठ आत राहिली की नाही, हे गाठीच्या मापावरून ठरत नाही. त्यासाठी अंतिम रिपोर्टात 'मार्जिन्स', म्हणजे कडा, नावाची वेगळी ओळ असते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाला प्रयोगशाळेत बाहेरून रंग लावतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, की कर्करोगाच्या पेशी त्या रंगापर्यंत पोचल्या आहेत का. स्तन राखून केलेल्या ऑपरेशनात रंगाला कर्करोगाची एकही पेशी टेकलेली नसेल, तर कड मोकळी धरतात. अमेरिकेतल्या कर्करोग शल्यविशारदांच्या आणि रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये हा निकष ठरवला आणि तो आता आपल्याकडेही वापरला जातो. फाईल उघडा आणि ती ओळ जाऊबाईंना वाचून दाखवा. सगळ्या कडा 'निगेटिव्ह' किंवा 'फ्री' लिहिल्या असतील, तर त्यांच्या भीतीचं उत्तर तिथेच आहे. एखादी कड 'पॉझिटिव्ह' असेल, तर पुढच्या भेटीत सर्जनना पहिला प्रश्न त्याबद्दल विचारा.

आता मापांकडे वळू. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून कोणाचं चुकल्याचं दिसत नाही. चौघांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या साधनांनी मोजलं, आणि मुख्य म्हणजे चौघांनी मोजलेली गोष्टही वेगवेगळी होती.

चार मापं कशी आली?

मॅमोग्राफी म्हणजे दोन सपाट पाट्यांमध्ये स्तन दाबून काढलेला एक्स-रे. त्यात गाठीची सावली दिसते, शिवाय कॅल्शियमचे बारीक पांढरे कणही दिसतात. असे कण बऱ्याचदा 'डीसीआयएस'मध्ये साठतात. डीसीआयएस म्हणजे दुधाच्या नळीच्या आतच असलेला, नळीची भिंत न ओलांडलेला कर्करोग. ते कण जिथपर्यंत दिसतात तिथपर्यंतचा भाग मोजला, तर आकडा मोठा येतो. तुमच्या फाईलमध्ये मॅमोग्राफीचे २८ मिमी आणि अंतिम रिपोर्टातला एकूण विस्तार २७ मिमी आहे. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते बघा.

सोनोग्राफीत ध्वनिलहरींनी चित्र उमटतं. गाठ गडद दिसते, पण तिची किनार धूसर असते. भोवतालच्या ऊतीत गाठीमुळे झालेले बदल कुठे संपतात आणि गाठ कुठे सुरू होते, ते ठरवणं तपासणाऱ्याच्या नजरेवर असतं. प्रोब कोणत्या कोनात धरला, यावरही लांबी बदलते. चार-पाच मिलिमीटरचा फरक इथे नेहमीचाच.

सुईने काढलेला तुकडा (बायोप्सी) म्हणजे साधारण दोन मिलिमीटर जाडीची बारीक पट्टी. त्या रिपोर्टातले ९ मिमी म्हणजे एका पट्टीत सलग दिसलेल्या कर्करोगाची लांबी. सुई गाठीच्या मधून गेली की कडेने, यावर ती अवलंबून असते. ही तपासणी कर्करोग आहे का आणि कोणत्या जातीचा, हे सांगण्यासाठी असते. पूर्ण गाठीचं माप तिच्यातून मिळू शकत नाही आणि तिचे ९ मिमी अंतिम मापात मिळवायचेही नसतात. एक अपवाद आहे. गाठ अगदी लहान असेल आणि बायोप्सीतच तिचा बराचसा भाग निघून आला असेल, तर ऑपरेशनच्या तुकड्यात उरलेला भाग फसवा लहान दिसतो. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट बायोप्सीची काचपट्टी आणि सोनोग्राफीचं माप समोर ठेवून निर्णय देतात.

उरलं ऑपरेशननंतरचं माप, १८ मिमी. उपचार ठरवताना, आधी केमोथेरपी झालेली नसेल तर, याच आकड्याला मान असतो. कारण तो गाठ प्रत्यक्ष हातात घेऊन आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तिची हद्द बघून काढलेला असतो.

मग त्याच रिपोर्टात १८ आणि २७ असे दोन आकडे का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. कर्करोगाची पेशी दुधाच्या नळीत असते तोवर तिला बाहेर जायला वाट नसते. नळीभोवती स्नायूसारख्या पेशींचा एक थर आणि त्याबाहेर एक पातळ पडदा असतो. हा थर शाबूत असेल तर तो डीसीआयएस. पेशींनी तो फोडला आणि त्या भोवतालच्या ऊतीत शिरल्या, की तो 'इन्व्हेजिव्ह' कर्करोग. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या त्या ऊतीत असतात. काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत किंवा फुप्फुस, हाडांपर्यंत जाण्याची ताकद या बाहेर पडलेल्या भागातच येते. धोका जिथून येतो त्या भागाचं माप घ्यायचं, म्हणून गाठीच्या मापाची पायरी, म्हणजे 'पीटी१सी'मधला 'टी', ठरवताना फक्त इन्व्हेजिव्ह भाग मोजतात.

सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र लिहितात, पोटखराबा वेगळा दाखवतात आणि आकारणी लागवडीच्या क्षेत्रावर करतात. रिपोर्टातही तसंच आहे. एकूण विस्तार २७ मिमी, त्यातला इन्व्हेजिव्ह भाग १८ मिमी, आणि 'टी'ची पायरी १८ वर. २७ चा आकडाही वाया जात नाही. किती भाग काढायला हवा होता, कडा पुरेशा मोकळ्या आहेत का, रेडिएशन कसं द्यायचं, या गोष्टी ठरवताना सर्जन आणि रेडिएशन तज्ज्ञ तोच बघतात.

डीसीआयएस कुठे संपतो आणि इन्व्हेजिव्ह कुठे सुरू होतो, हे प्रत्येक वेळी नेहमीच्या रंगवलेल्या काचपट्टीवर स्पष्ट दिसत नाही. मग त्या स्नायूसारख्या पेशींनाच रंग चढवणाऱ्या पी६३ सारख्या खास तपासण्या करतात. थर उमटला तर डीसीआयएस, नाही उमटला तर इन्व्हेजिव्ह. रिपोर्टाला कधी दोन-तीन दिवस जास्त लागतात, त्यामागे असं कारण असू शकतं.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजतात कसं?

मापाची सुरुवात ऑपरेशन थिएटरमध्येच होते. काढलेल्या भागाला सर्जन दोन टाके घालतात, एक आखूड आणि एक लांब. कोणत्या टाक्याची बाजू वरची आणि कोणती बाहेरची, ते सोबतच्या फॉर्मवर लिहितात. शरीरातून बाहेर आलेला चरबीयुक्त भाग टेबलावर ठेवला की पसरून चपटा होतो. वर-खाली ओळखण्याची खूण नसेल, तर नंतर कोणती कड कोणती हे सांगता येत नाही.

मग तो भाग फॉर्मलिनमध्ये जातो. दहा टक्क्यांचं बफर केलेलं फॉर्मलिन पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवून ठेवतं. ते ऊतीत हळूहळू मुरतं, तासाला साधारण एक मिलिमीटर. मोठा भाग अख्खाच्या अख्खा बरणीत टाकून ठेवला, तर बाहेरून तो घट्ट होतो आणि आत गाठ खराब होत राहते. म्हणून प्रयोगशाळेत तो लवकरात लवकर कापून उघडतात. शरीरातून बाहेर पडल्यापासून तासाभरात फॉर्मलिन मिळावं आणि त्यात ६ ते ७२ तास राहावं, हा हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू (पेशींमधली, उपचार ठरवायला उपयोगी प्रथिनं) यांच्या तपासण्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

त्यानंतरच्या कामाला 'ग्रॉसिंग' म्हणतात, आणि मापाची निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. पॅथॉलॉजिस्ट तो भाग मोजतात, बाहेरून रंग लावतात आणि त्याच्या ओळीने समान जाडीच्या चकत्या करतात. प्रत्येक चकती साधारण पाच मिलिमीटरची, मोठ्या भागात दहापर्यंत. गाठ डोळ्यांना करडी-पांढरट दिसते, पण बोटाला ती जास्त नीट कळते. चरबी मऊ लागते, गाठ टणक आणि बऱ्याचदा सुरीखाली करकरीत. कापलेल्या पृष्ठभागावर लांबी आणि रुंदी पट्टीने मोजतात. तिसरी मिती चकत्यांवरून काढतात. गाठ चार चकत्यांत दिसली आणि प्रत्येक चकती पाच मिलिमीटरची असली, तर त्या दिशेने ती साधारण २० मिमी. इथे घाई झाली तर फसगत होते. गाठ आडवी पसरलेली असेल आणि एकाच चकतीवर पट्टी लावून थांबलं, तर तिची सर्वांत मोठी मिती नजरेतून निसटते. चकत्या वाकड्यातिकड्या किंवा कमीजास्त जाडीच्या झाल्या, तरीही हिशेब चुकतो.

या चकत्यांतले तुकडे प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये ठेवतात, अल्कोहोल आणि झायलीनमधून नेतात, मेणात बसवून ब्लॉक करतात आणि त्यांचे तीन-चार मायक्रॉनचे काप काचपट्टीवर घेऊन रंगवतात. या साऱ्या प्रवासात ऊतीतलं पाणी आणि चरबी निघून जाते आणि ती थोडी आकसते. म्हणून मोठ्या गाठीचं माप शक्यतो ताज्या भागावरच घ्यायचं आणि काचपट्टीवर त्याची खातरजमा करायची, असा शिरस्ता आहे.

गाठ लहान, एका ब्लॉकमध्ये मावणारी असेल, तर उलट. तेव्हा काचपट्टीवरचं माप जास्त विश्वासाचं, कारण इन्व्हेजिव्ह भागाची हद्द तिथेच दिसते. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून बघत काचेवर दोन टोकांना पेनाने ठिपके देतात आणि मधलं अंतर पट्टीने मोजतात. त्याहून बारीक असेल तर आयपीसमधली मोजपट्टी किंवा सूक्ष्मदर्शकाच्या मंचावरची व्हर्नियर मापकं कामाला येतात. अलीकडे काही मोठ्या केंद्रांत काचपट्टी स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर रेघ ओढून मोजतात. रेघ अचूक येते. पण ती कुठून कुठपर्यंत ओढायची, हा निर्णय अजूनही माणसाचाच आहे.

गाठ कॅसेटपेक्षा मोठी असेल, तर ती एका काचपट्टीवर येतच नाही. मग कोणता ब्लॉक कोणत्या चकतीतला, कोणत्या कोपऱ्यातला, याचा नकाशा काढून ठेवतात आणि काचपट्ट्या वाचताना तो जोडून गाठ पुन्हा उभी करतात. नकाशा नसेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली कितीही बारकाईने बघितलं तरी माप भरवशाचं येत नाही.

पाच मिलिमीटरने असा काय फरक पडतो?

कर्करोगाची पायरी ठरवण्याच्या पद्धतीला 'टीएनएम' म्हणतात. 'टी' म्हणजे गाठ, 'एन' म्हणजे लसिका ग्रंथी, 'एम' म्हणजे दूरवर पसरणं. फ्रान्समधले सर्जन पियेर दन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात ती बांधली आणि पुढे ती जगभर स्वीकारली गेली. स्तनाच्या कर्करोगात 'टी'च्या पायऱ्या अशा आहेत :

इन्व्हेजिव्ह भाग १ मिमीपर्यंत असेल तर 'मायक्रोइन्व्हेजिव्ह'. १ ते ५ मिमी म्हणजे टी१ए, ५ ते १० म्हणजे टी१बी, १० ते २० म्हणजे टी१सी. २० च्या वर ५० पर्यंत टी२ आणि ५० च्या वर टी३. गाठ छातीच्या भिंतीत शिरली असेल, किंवा त्वचेवर व्रण, त्वचेत गाठी अथवा संत्र्याच्या सालीसारखी सूज आणली असेल, तर टी४. तिथे माप किती हा प्रश्नच उरत नाही. आधी लावलेला 'पी' म्हणजे हे माप पॅथॉलॉजीचं आहे. तुमचा 'पीटी१सी' याचा अर्थ एवढाच.

म्हणजे २० मिमीला एक उंबरठा आहे. सोनोग्राफीच्या २३ वर गाठ टी२ होती, अंतिम १८ वर ती टी१सी झाली. पॅथॉलॉजीच्या नियमात मिलिमीटरपर्यंत मोजायला सांगितलंय, ते याच उंबरठ्यांसाठी. रुग्णांच्या मोठ्या नोंदणी याद्यांत बघितलं तर १०, १५, २० या आकड्यांवर गाठींची गर्दी दिसते. गाठी काही पाचाच्या पटीत वाढत नाहीत. मोजणारा हात सोयीच्या आकड्याकडे झुकतो, म्हणून ही गर्दी होते. २१ ला २० लिहिलं की टी२ ची टी१ होते. टीएनएमचे नियम प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटीच्या आठव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे, आकडा पूर्णांकात लिहिण्याचा नियमही दिला आहे. १ मिमीच्या वर पण २ मिमीच्या आत असलेली गाठ २ मिमी लिहायची, म्हणजे ती मायक्रोइन्व्हेजिव्हच्या पायरीवर घसरत नाही.

उपचारातही हे उंबरठे दिसतात. हर-टू पॉझिटिव्ह कर्करोगात काखेत काही नसेल, तर गाठ ५ मिमीच्या आत आहे की बाहेर, यावर हर-टूवर काम करणाऱ्या औषधांचा विचार बदलतो. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू नसलेल्या) कर्करोगात गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, तर ऑपरेशनआधीच औषधं देण्याचा विचार करतात.

आणखी एक हिशेब बघा. गाठ गोल धरली तर २३ मिमी व्यासाच्या गाठीचं घनफळ १८ मिमीच्या गाठीच्या दुपटीहून थोडं जास्त भरतं. तरी मोजतात फक्त सर्वांत मोठी मिती, घनफळ नाही. कारण गाठ क्वचितच गोल असते, आणि रुग्ण पुढे किती वर्षं बऱ्या राहिल्या याची दशकानुदशकांची नोंद याच एका मितीवर उभी आहे. अमेरिकेतल्या २४,७४० स्त्रियांच्या नोंदींचा एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ २ सेंटिमीटरच्या आत आणि काख मोकळी असलेल्यांत पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांच्या वर होतं. गाठ ५ सेंटिमीटर किंवा मोठी आणि काखेतही रोग, अशांत ते ४५ टक्क्यांच्या आसपास होतं. ही आकडेवारी जुन्या उपचारांच्या काळातली आहे, आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. पण लहान गाठीचं महत्त्व तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे.

म्हणजे १८ की २३, यावरच सगळं आहे का?

नाही, आणि हे जाऊबाईंना नक्की सांगा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी १९८२ मध्ये एक सूत्र मांडलं, ते आजही वापरात आहे. गाठीचं माप सेंटिमीटरमध्ये घेऊन ०.२ ने गुणायचं, त्यात ग्रेडचे (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात त्याचे) १ ते ३ गुण आणि काखेच्या स्थितीचे १ ते ३ गुण मिळवायचे. बेरीज जितकी कमी तितकं चांगलं. आता १.८ च्या जागी २.३ सेंटिमीटर धरले, तर बेरीज ०.१ ने वाढते. ग्रेड एक पायरी वर गेली, तर बेरीज पूर्ण १ ने वाढते. काखेचंही तेच. म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा ग्रेडची आणि काखेची ओळ कितीतरी वजनदार आहे.

२०१८ पासूनच्या पद्धतीत तर टी, एन, एम यांच्या जोडीला ग्रेड, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-टू हे सगळं एकत्र घेऊन अंतिम टप्पा ठरवतात. काखेतल्या ग्रंथींसाठीही मिलिमीटरच आहेत. ०.२ मिमीपर्यंतच्या पेशींच्या पुंजक्याला सुट्या पेशी म्हणतात, ०.२ ते २ मिमी म्हणजे सूक्ष्म प्रसार, २ मिमीच्या वर खरा प्रसार. फाईलमध्ये या ओळी शोधा. १८ मिमी वाचताना त्यांना सोबत घेऊनच वाचायचं.

कधी मोजणं खरंच अवघड होतं?

तीन प्रसंग नेहमीचे. एका स्तनात दोन-तीन गाठी असतील, तर त्यांची बेरीज करत नाहीत. सर्वांत मोठीचं माप 'टी'साठी धरतात आणि अनेक गाठी आहेत अशी नोंद करतात. पण दोन गाठी खरंच वेगळ्या आहेत की खालून जोडलेल्या, हे बघायला मधल्या भागातूनही तुकडे घ्यावे लागतात.

दुसरा प्रसंग लोब्युलर जातीच्या कर्करोगाचा. याच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. त्या एकामागे एक रांगेने ऊतीत शिरतात आणि बऱ्याचदा घट्ट गोळा होतच नाही. हाताला आणि मॅमोग्राफीला तो लहान भासतो आणि काचपट्टीवर मोठा निघतो.

तिसरा प्रसंग केमोथेरपी आधी दिलेल्या रुग्णांचा. औषधाने गाठ विरघळते, पण सगळीकडून सारखी नाही. जुन्या जागेवर व्रणासारखी ऊती राहते आणि तिच्यात कर्करोगाची बेटं विखुरलेली सापडतात. तेव्हा उरलेल्या इन्व्हेजिव्ह कर्करोगाचं सर्वांत मोठं सलग बेट मोजतात, मधली व्रणाची ऊती धरत नाहीत आणि आकड्याआधी 'वायपी' लावतात. काही केंद्रांत याच्या जोडीला 'रेसिड्युअल कॅन्सर बर्डन' काढतात. त्यात गाठीच्या जागेच्या दोन मिती, तिथल्या पेशींचं प्रमाण आणि काखेतला उरलेला रोग एका आकड्यात बांधतात. गाठ पूर्ण विरघळली तर जागा सापडावी, म्हणून केमोआधी तिथे धातूची बारीक क्लिप बसवतात. तुमच्या ओळखीत कोणाला आधी केमो घ्यायची असेल, तर क्लिपबद्दल डॉक्टरांना आधीच विचारायला सांगा.

घरच्यांनी काय करायचं?

बरंच काही. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीच्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट तारखेच्या क्रमाने ठेवा. ऑपरेशनआधी त्या प्रयोगशाळेपर्यंत पोचल्या, तर पॅथॉलॉजिस्टला गाठ कुठे आणि किती शोधायची ते आधीच कळतं. ऑपरेशन एका गावात आणि प्रयोगशाळा दुसऱ्या गावात असेल, तर बरणी रुंद तोंडाची, फॉर्मलिनने नीट भरलेली आणि नाव-वेळ लिहिलेली आहे, हे बघून घ्या. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये तुकडा तासन्‌तास राहता कामा नये.

खात्रीसाठी तुकड्याचे दोन भाग करून दोन लॅबला पाठवायचा आग्रह कधीही धरू नका. अर्धी गाठ कोणालाच नीट मोजता येत नाही आणि कडाही हरवतात. दुसरं मत हवं असेल, तर पूर्ण रिपोर्ट झाल्यावर तेच ब्लॉक आणि त्याच काचपट्ट्या मागून घ्या. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था अशी मोठी केंद्रं आहेत.   बाहेरून आलेल्या काचपट्ट्या पुन्हा तपासण्याचं काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही रोज चालतं.

पुढच्या भेटीत हे विचारा : १८ मिमी हे फक्त इन्व्हेजिव्ह भागाचं माप आहे ना? सगळ्या कडा मोकळ्या आहेत का? काखेतल्या किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित होत्या? ग्रेड, रिसेप्टर आणि हर-टू काय आले? या उत्तरांवर पुढचे उपचार उभे राहतील. उपचारांचा निर्णय जाऊबाईंना प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच घेतील, पण उत्तरं समजून घेण्याचा हक्क जाऊबाईंचा आणि तुमचा आहे.

शेवटचं तुमच्यासाठी आणि घरातल्या सगळ्या बायकांसाठी. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, फक्त हाताने स्तनांची तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग पुढच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, इतरांत ४७ टक्के. सगळ्या वयांच्या स्त्रिया एकत्र धरल्या तर मृत्यूंतली घट निर्णायक म्हणण्याइतकी नव्हती, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मोठं यंत्र नव्हतं, शिकवलेला हात होता. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या स्त्रियांसाठी हीच तपासणी ठेवली आहे. तुमच्या उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंना विचारून या महिन्यातच ती करून घ्या. जाऊबाईंना सख्ख्या बहिणी आणि मुली असतील, तर त्यांनी आपली तपासणी कोणत्या वयापासून आणि कशी करायची हे डॉक्टरांना विचारावं. आणि कोणाच्याही हाताला नवी गाठ लागली, दुखत नसली तरी, पेरणी-कापणी उरकेपर्यंत थांबू नका. दुखत नाही म्हणून थांबण्यातच गाठीला वाढायला वेळ मिळतो.